अजून दिसणा नाय

माझा कॉम्प्युटर पडवीत, तिचा माजघरात.
मधे चिऱ्याची दीड हात भिंत,
आणि फ्रिजवर, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला राऊटर,
खाऱ्या वाऱ्यानं गंजू नये म्हणून.
पिशवीतून हिरवा दिवा लुकलुकतो,
त्याचं म्हणणं, सगळं ठीक आहे.

बंदी उठायला आठ दिवस.
अठ्ठेचाळीस होड्यांचे डिझेल कोट्याचे अर्ज
माझ्याकडे तयार,
आणि प्रिंटर तिच्याकडे, सहावीच्या प्रश्नपत्रिका ओकत.
हाक मारली तर ऐकू जातं, एवढंच अंतर.
मोजलं मी. बारा पावलं, उंबरठा धरून तेरा.

पहिल्या रात्री तिचा कॉम्प्युटर दिसलाच नाही.
दुसऱ्या रात्री दिसला, अगदी नावासकट,
'वैजू-पीसी'.
दाबलं तर म्हणाला, तुम्हाला परवानगी नाही.
कोणाची घ्यायची, ते नाही सांगितलं.
एकोणीस वर्षांचा संसार.
आतून आवाज आला, "दिसता काय?"
"दिसता. पण उघडणा नाय."
"माका तर तू दिसणसच नाय," ती म्हणाली,
म्हणजे कॉम्प्युटरवर.

सगळं जोडून दिलं होतं सर्वेशनं, बहिणीच्या मुलानं.
पासवर्डही त्यानंच घातला,
"सोपो आसा, मामा," म्हणाला
आणि जहाजावर गेला.
आता तो पासवर्ड कुठल्यातरी समुद्रात
इंजिनरूममध्ये ड्युटी करतो.
मेसेजला एकच टिक.
मी त्याचं जन्मसाल घालून पाहिलं, गाडीचा नंबर,
आमची विकलेली होडी,
शेवटी सातेरी.
देवीलाही आत घेतलं नाही.

फायरवॉल बंद केली. चालू केली.
दोघांचे वर्कग्रुप वेगळे निघाले, ते एक केले,
यंत्र बंद करून सुरू करतोय तोच लाईट गेली.
आली तेव्हा राऊटरनं दोघांना नवे पत्ते दिलेले,
जुनी ओळख पुसून.
शेजारची सेलिनबाई गडग्यावरून
तिसऱ्यांचं सुकं देते, वाटी झाकूनसुद्धा नाही,
आणि ती वाटी आमच्याकडून कधी रिकामी गेलेली नाही.
त्याला कुणी शिकवणी लावली नव्हती.

तिसऱ्या रात्री पावणेबाराला,
काय दाबलं ते मला आजही सांगता येणार नाही,
उघडलं.
नुसता प्रिंटर नव्हे. सगळंच.
सहावी गणित. सहावी गणित नवीन. वीजबिल.
आईची औषधं. गणपती आरास.
आणि सगळ्यांच्या खाली एक फोल्डर,
'पाठवायची नाहीत'.

बाण नुसता वर धरला तर कळलं, आत एकशे बारा फाईली.
शेवटची आजचीच, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं.
तीनला मी सोसायटीत असतो.
शिकवणीची पोरं यायच्या आधी
ती जरा आडवी होते, असं मी धरून चाललो होतो.

पत्रं असतील. कुणाला?
मलाच असतील, असंही वाटून गेलं,
आणि ते जास्त कठीण वाटलं.
बाण तिथेच ठेवून किती वेळ बसलो
ते पत्र्यावरचा पाऊस थांबला तेव्हा लक्षात आलं.
दोनदा दाबायचं होतं, बस्स.
परवानगी होती.

"झाला काय रे?" आतून, झोपेत भिजलेलं.
"नाय," मी म्हटलं. "अजून दिसणा नाय."
आणि शेअरिंग बंद केलं.
ते कुठून करायचं, यावेळी बरोबर सापडलं.

पेन ड्राईव्ह तांदळाच्या डब्यात होता,
दमटपणा लागू नये म्हणून तिनंच पुरलेला.
फुंकून पुसला. अठ्ठेचाळीस होड्या भरल्या त्यात,
आणि निघालो, बारा पावलं, उंबरठा.
माजघराचं दार नुसतं लोटलेलं होतं.
तरी मी आधी वाजवलं.